दुरुस्ती झाली, पण पोचली कोणापर्यंत?

पिकाची नोंद करण्यासाठी एके काळी शेतकऱ्याला तलाठ्याच्या दप्तराची वाट धरावी लागे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि ही नोंद खातेदाराने आपल्या मोबाइलवरून करावी, अशी व्यवस्था आली. बँकेचा व्यवहार आणि अनुदानाचा निरोपही आता त्याच यंत्रातून येतो. दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी बीड जिल्ह्याबाहेर पडणाऱ्या कुटुंबांचा गावाशी उरलेला दुवाही बहुतेक तोच. अशा यंत्राच्या मुळाशी दोष निघाला, तो निस्तरलाही गेला, आणि तरीही ती दुरुस्ती ग्राहकाच्या हाती पडेलच याची हमी नसेल, तर तो केवळ अभियंत्यांचा विषय राहत नाही. तो वितरणाचा, म्हणजेच अर्थशास्त्राचा विषय होतो.

असा एक दोष २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये जगापुढे आला. लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये रचावयास घेतला. तो कोणासही विनामूल्य वापरता येतो. आज मोठमोठे महासंगणक त्यावर चालतात आणि अँड्रॉइड मोबाइलही त्याच गाभ्यावर उभे आहेत. यंत्रातील स्मृतीची वाटणी करणे, कोणी काय वाचावे व कोणी कोठे लिहावे हे ठरवणे, हे या गाभ्याचे काम. दोष नेमका तेथेच होता.

त्याचे स्वरूप कचेरीच्या उदाहरणाने समजून घेता येईल. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात एक मूळ कागद आहे. तो वाचण्याची मुभा सर्वांना आहे, पण त्यावर लिहिण्याची नाही. कोणास काही लिहावयाचे असेल, तर कारकुनाने त्याला नक्कल करून द्यावी आणि त्याने त्या नकलेवर लिहावे. प्रत्येकाला आधीच वेगळी प्रत देण्यात जागा वाया जाते, म्हणून लिहिण्याची वेळ येईल तेव्हाच नक्कल करावी, असा हा काटकसरीचा नियम. आता असे समजा, की कारकुनाने नक्कल केली आणि काम झाले असे मानून अर्जावरील ‘लिहिण्यासाठी’ हा शेरा खोडला. नेमक्या त्याच क्षणी अर्जदाराने दुसऱ्या खिडकीतून कळवले, की ती नक्कल फेकून द्या. कारकून कागद आणावयास गेला तो नक्कल जागेवर नाही. अर्ज पाहावा तर लिहिण्याचा उल्लेख नाही. त्याने सरळ मूळ कागद पुढे केला. आणि अर्जदाराच्या हातात लेखणी होतीच! ज्याला केवळ वाचण्याचा अधिकार, तो अशा रीतीने मूळ अभिलेखावर लिहू लागला. संगणकात याचा अर्थ असा, की साध्या वापरकर्त्याला संपूर्ण यंत्राची मालकी बळकावता येऊ लागली. ‘लिहिताना नक्कल’ या पद्धतीच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या दोषाला ‘डर्टी काऊ’ असे नाव पडले.

हा दोष २००७ पासून गाभ्यात नांदत होता. फिल ओएस्टर या जाणकाराने आपल्या सर्व्हरवर येणाऱ्या वाहतुकीची नोंद जपून ठेवली होती. हल्ल्यानंतर तिची छाननी करताना त्याला हे हत्यार सापडले. याचा अर्थ, रक्षकांच्या आधी चोरांना ही वाट ठाऊक होती. अधिक उद्बोधक कबुली टोरवाल्ड्स यांची. हीच फट बुजवण्याचा प्रयत्न आपण अकरा वर्षांपूर्वी केला होता, पण तो नीट जमला नाही आणि आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर त्यातून अडचणी आल्याने तो मागे घेण्यात आला, असे त्यांनी दुरुस्तीसोबतच नोंदवले. तेव्हा जी शक्यता केवळ तात्त्विक वाटत होती, ती पुढे यंत्रणा बदलत गेल्याने प्रत्यक्षात आणणे सोपे झाले. काल परवडणारी हेळसांड उद्याही परवडेलच असे नसते, हा धडा पाटबंधाऱ्यांपासून पतपेढ्यांपर्यंत सर्वांनाच लागू आहे.

दुरुस्ती मात्र मोजक्या ओळींची निघाली. कारकुनाने ‘लिहिण्यासाठी’ हा शेरा खोडावयाचा नाही. ‘नक्कल केली’ असा वेगळा शेरा त्याशेजारी मारावयाचा, आणि हाती आलेला कागद खरोखर नक्कलच आहे याची खूण पटल्यावाचून तो पुढे करावयाचा नाही. एवढेच. तरी २०१७ च्या अखेरीस असे दिसून आले, की स्मृतीच्या मोठ्या आकाराच्या पानांबाबत हीच खूण फसवी ठरू शकते; तेव्हा दुरुस्तीचीही दुरुस्ती करावी लागली. देखभाल हे एकदाच उरकण्याचे काम नव्हे, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

येथवरची कथा उमेद देणारी आहे. खरा प्रश्न पुढे आहे. गाभ्यातील दुरुस्ती आधी गूगलकडे, तेथून चिप बनवणाऱ्याकडे, तेथून मोबाइल कंपनीकडे आणि शेवटी ग्राहकाकडे यावयाची असते. अँड्रॉइडसाठीची दुरुस्ती डिसेंबर २०१६ पर्यंत प्रसिद्ध झाली होती. तरीही सप्टेंबर २०१७ मध्ये ‘ट्रेंड मायक्रो’ या सुरक्षा कंपनीने याच दोषाचा फायदा घेणारे एक घातक ॲप-कुल उघडकीस आणले. चाळीसहून अधिक देशांत त्याचा वावर होता, पाच हजारांहून अधिक लोक त्याच्या तावडीत सापडले होते, आणि त्यांतील बहुसंख्य चीन व भारतातील होते. संख्या लहान आहे हे खरे. पण औषध तयार होऊनही रोगी राहिले, हे नाकारता येत नाही.

असे का व्हावे? स्वस्त मोबाइलवरील नफा विक्रीच्या दिवशीच वसूल होतो, देखभालीचा खर्च मात्र पुढील अनेक वर्षे चालतो. सुरक्षेअभावी होणारे नुकसान कंपनीच्या जमाखर्चात पडत नाही, ते ग्राहकाच्या खात्यात पडते. दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला कॅमेरा दिसतो, किंमत दिसते. दुरुस्ती किती वर्षे मिळेल हे दिसत नाही. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी जे दाखवले तेच येथे घडते. माहिती एकाच बाजूला असली, की चांगला माल बाजारातून हळूहळू हुसकला जातो.

शासन स्वतः ग्राहक असतानाही हे भान सुटते. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. स्मृतिक्षमता अपुरी, हमीची मुदत संपलेली आणि दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांच्या माथी, अशी त्यांची तक्रार होती. खरेदीची किंमत पाहिली गेली, वापराच्या आयुष्याची पाहिली गेली नाही.

दुरुस्तीची सक्ती केली तर मोबाइल महाग होतील आणि त्याचा फटका गरिबांनाच बसेल, असा आक्षेप घेतला जाईल. तो पोकळ नाही. परंतु आज स्वस्ताईची किंमत तोच गरीब भरतो आहे. फक्त ती पावतीवर लिहिलेली नसते. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून सुरक्षा-दुरुस्तीची किमान मुदत जाहीर करणे उत्पादकांना बंधनकारक केले. युरोपीय संघाने जून २०२५ पासून, एखाद्या नमुन्याची विक्री थांबल्यावर किमान पाच वर्षे त्या मोबाइलला सुधारणा पुरवण्याचा दंडक घातला. आपल्या केंद्र सरकारने ‘दुरुस्तीच्या हक्का’चा विचार २०२२ मध्ये समिती नेमून सुरू केला, त्या हक्कात पडदा आणि बॅटरीबरोबर आतील प्रणालीही धरली पाहिजे. निदान खोक्यावर किमतीशेजारी ‘सुरक्षा-दुरुस्ती अमुक सालापर्यंत’ एवढी ओळ मराठीत छापली जावी, आणि शासकीय खरेदीच्या निविदेत ती अट असावी. यास फार मोठा खर्च नाही.

शेतकऱ्याने मोबाइलवर नोंद करावी असे शासन म्हणते, तेव्हा तो मोबाइल त्याची खासगी चैन राहत नाही. तो राज्ययंत्रणेचाच भाग होतो. पूर्वी दप्तर सांभाळण्याची जबाबदारी सरकारची होती. दप्तर शेतकऱ्याच्या खिशात गेले म्हणून ती जबाबदारी संपली, असे कसे म्हणता येईल?