बगदादचा पुणेकर

शेजारच्या वहिनींची मुलगी दिवाळीला मेलबर्नहून आली आहे. तिथल्या शाळेच्या निधीसाठी तिने आणि मैत्रिणींनी पुरणपोळ्या करून विकल्या, हे ऐकून वहिनी म्हणाल्या, "अगं, परक्यांसाठी एवढा खटाटोप? त्यापेक्षा गावच्या देवळाला चार पैसे पाठवायचे!"

वाचकहो, वहिनींचे हे बोलणे आपल्या घरोघरचे आहे. पण मला मात्र त्या क्षणी डेव्हिड ससून आठवला.

पुण्यात कुणी आजारी पडले, की 'ससूनला नेला' असे आपण सहज म्हणून जातो. हे कुणाचे आडनाव आहे, हे ध्यानीमनीही नसते. हा गृहस्थ बगदादचा यहुदी. तिथल्या सुभेदाराच्या जाचातून सुटून तो १८३२ च्या सुमारास मुंबईत आला आणि व्यापारात अमाप पैसा मिळवता झाला. पेहराव आणि रीतिरिवाज मात्र अखेरपर्यंत बगदादचेच. भायखळ्याला त्याने आपल्या लोकांसाठी सिनेगॉग बांधले, यात नवल नाही. आपला माणूस परगावी गेला, की तोही आधी गणपतीचे देऊळच शोधतो! नवल आहे ते पुण्याच्या रुग्णालयाचे. तिथे जातपात, धर्म न पाहता रोगी घ्यायचे होते. म्हणजे ज्यांची भाषा आपली नाही, ज्यांच्या पंगतीला आपले पान नाही, अशांसाठी ही देणगी होती.

आता एक गोष्ट झाकून चालणार नाही. ससूनच्या व्यापारात कापूस होता, तशी चीनला जाणारी अफूही होती. तिकडचे संसार बुडवणाऱ्या पैशाने इकडचे रोगी बरे झाले. माझे एक स्नेही तर या दानाला पुण्य म्हणायलाच तयार नाहीत. त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही. तरीही, आपल्याला आसरा देणाऱ्या गावाचे आपण काही लागतो, ही त्याची जाणीव मला खोटी वाटत नाही.

त्याच्या मुलांपैकी बरेचसे पुढे इंग्लंडला गेले. तो मात्र १८६४ साली पुण्यातच वारला. रुग्णालय सुरू झाले १८६७ साली; ते काही त्याला पाहायला मिळाले नाही. कॅम्पातल्या लाल देवळाच्या आवारात त्याची कबर आहे. वहिनींना एकदा तिथे घेऊन जाणार आहे.