जुनी करवत मोडीत काढण्यापूर्वी

साखळी-करवत चालू होत नाही, तेव्हा ती मोडीत घालावी, असा सल्ला सहज दिला जातो. आमच्या मते तो घाईचा आहे. जुन्या करवतीचा दोष पुष्कळदा इंजिनात नसून पेट्रोलच्या रबरी नळ्यांत व कार्ब्युरेटरच्या पडद्यात असतो.

आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा शोषून घेते व जुने रबर खराब करते. चिरलेल्या नळीतून हवा शिरली की इंधन कमी पडते. वंगणतेल इंधनातच मिसळलेले असल्याने तेही कमी पडते आणि दट्ट्या तापून जाम होतो. म्हणून केवळ कार्ब्युरेटर बदलून भागत नाही. नळ्या व टाकीतील गाळणी त्याच वेळी बदलावी. काम संपल्यावर टाकी रिकामी करून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.

दिनांक ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यातील आंबा, नारळ व सुपारीच्या बागा आडव्या केल्या. अशा वेळी वाटा मोकळ्या करण्यास करवतच उपयोगी पडते. वादळाची पूर्वसूचना मिळते, परंतु दुरुस्तीस अवधी मिळत नाही. पनवेल तालुक्यातील ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी वैशाखातच गावातील प्रत्येक करवत चालवून पाहावी, हे उत्तम.