विश्लेषण : वितळलेल्या क्षाराच्या अणुभट्टीत किरणोत्सारी कचरा खरेच उरत नाही?

‘महानिर्मिती’ आणि रशियाची ‘रोसाटॉम’ यांच्यात ११ एप्रिल २०२५ रोजी थोरियमवर चालणाऱ्या छोट्या अणुभट्टीसाठी सामंजस्य करार झाला. थोरियमचा विषय निघाला, की वितळलेल्या क्षाराच्या अणुभट्टीचे नाव पुढे येते आणि ‘तिच्यात कचरा उरत नाही’ असा दावाही होतो. तो कितपत खरा आहे?

राज्यात नेमके काय ठरले?

येलदरी (ता. जिंतूर, जि. परभणी) येथील पूर्णा नदीवरील धरणाच्या पायथ्याशी २२.५ मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. ते चालवणाऱ्या महानिर्मितीसाठी अणुऊर्जा हे नवे क्षेत्र आहे. करारात थोरियम इंधनाचा उल्लेख आहे. मात्र, थोरियम घन गोळ्यांच्या रूपातही वापरता येते, त्यामुळे थोरियमची प्रत्येक अणुभट्टी क्षाराचीच असते असे नाही. क्षाराच्या अणुभट्टीचा देशातील अभ्यास ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात सुरू आहे.

चीनमध्ये गान्सू प्रांतातील वुवेई येथे अशी प्रायोगिक अणुभट्टी ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रथम कार्यान्वित झाली. तिची क्षमता २ मेगावॉट, म्हणजे येलदरीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. तीही केवळ उष्णतेची. तिच्यातून वीज तयार होत नाही.

ही अणुभट्टी वेगळी कशी?

तारापूरसारख्या अणुभट्टीत युरेनियमच्या गोळ्या धातूच्या नळ्यांत बंद असतात. विखंडनातून तयार होणारा बहुतेक कचरा त्याच नळ्यांत अडकून राहतो. वापरलेल्या नळ्या बाहेर काढून अनेक वर्षे पाण्याच्या तलावात थंड करतात.

क्षाराच्या अणुभट्टीत युरेनियम किंवा थोरियम फ्लोराइड क्षारात विरघळवलेले असते. ६०० ते ७०० अंश सेल्सिअसला हा रस नळांतून फिरत राहतो. दाब फारसा नसतो आणि इंधन आधीच वितळलेले असल्याने ‘गाभा वितळण्याची’ नेहमीची भीती उरत नाही. भट्टी तापली, तर तळाशी गोठवून ठेवलेली क्षाराची गुडदी वितळते आणि इंधन खालच्या टाक्यांत उतरते.

मग कचरा कुठे जातो?

विखंडन कोणत्याही भट्टीत झाले, तरी अणूंचे तुकडे पडतातच. १,००० मेगावॉटचे केंद्र वर्षभर चालले, की असे तुकडे सुमारे एक टन तयार होतात. क्षाराच्या भट्टीतही हा आकडा फारसा बदलत नाही. बदलते ते त्यांचे ठिकाण.

झेनॉन, क्रिप्टॉन यांसारखे वायू हेलियमच्या बुडबुड्यांबरोबर बाहेर पडतात आणि कोळशाच्या गाळणीत अडवावे लागतात. काही धातू नळांच्या आतल्या बाजूला चिकटतात. सीझियम, स्ट्रॉन्शियम क्षारातच राहतात. क्षारात लिथियम असेल, तर ट्रिटियम तयार होतो आणि तो तापलेल्या धातूतून झिरपतो. भट्टीतील ग्रॅफाइटही ठरावीक काळाने बदलावे लागते आणि तोही किरणोत्सारी कचराच.

‘३०० वर्षांत निर्धोक’ हा दावा काय?

सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांचे अर्धायुष्य ३० वर्षांच्या आसपास आहे. त्यामुळे ३०० वर्षांत त्यांचा किरणोत्सार हजारपटीने घटतो. थोरियमपासून प्लुटोनियमसारखी दीर्घायुषी द्रव्ये कमी तयार होतात, हेही खरे. पण जड मूलद्रव्ये क्षारातून जवळपास पूर्ण वेगळी करून भट्टीतच जाळली, तरच हे गणित जुळते. शिवाय टेक्नेशियम-९९ चे अर्धायुष्य दोन लाख वर्षांहून अधिक आहे.

इंधनाचा हिशेब कसा ठेवणार?

थोरियम थेट इंधन नाही. न्यूट्रॉन शोषल्यावर त्याचे प्रोटॅक्टिनियम होते आणि त्यातून २७ दिवसांच्या अर्धायुष्याने युरेनियम-२३३ तयार होते. प्रोटॅक्टिनियम भट्टीतच ठेवले, तर ते न्यूट्रॉन खाते. बाजूला काढले, तर त्यातून जवळपास शुद्ध युरेनियम-२३३ मिळते, जे अण्वस्त्रासाठीही चालते. घन इंधनाच्या जुड्या मोजता येतात. फिरत्या रसात किती इंधन आहे, हे सतत मोजत राहावे लागते.

जुना अनुभव काय सांगतो?

अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेत अशी भट्टी १९६५ ते १९६९ या काळात चालली. बंद केल्यावर इंधनाचा क्षार टाक्यांतच गोठू दिला. थंड क्षारात किरणोत्सारामुळे फ्लोरिन वायू सुटत राहिला. त्याच्याशी संयोग होऊन युरेनियम वायुरूपात सरकले आणि कोळशाच्या गाळणीत साचले. हे १९९४ मध्ये उघड झाले. युरेनियम काढण्याचे काम २००८ पर्यंत चालले. भट्टी चालली चार वर्षे, आवराआवर दशकानुदशके.

भारताची तयारी किती?

ट्रॉम्बेत १९६४ पासून वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया होते. तारापूरला अतिकिरणोत्सारी द्रव बोरोसिलिकेट काचेत वितळवून, पोलादी डब्यांत बंद करून ठेवतात. या कामातला अनुभव मोठा आहे. पण बोरोसिलिकेट काचेत फ्लोराइड फारसे मुरत नाही. म्हणजे क्षाराच्या कचऱ्यासाठी त्याचे रूप आधी बदलावे लागेल किंवा वेगळा पदार्थ शोधावा लागेल.

दुसरा प्रश्न जबाबदारीचा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ‘शांती’ कायद्याने अणुवीज क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले केले. वापरलेल्या इंधनाची पुनर्प्रक्रिया आणि अतिकिरणोत्सारी कचरा मात्र केंद्राच्या अखत्यारीत राहिला. क्षाराच्या भट्टीत वीजनिर्मिती आणि इंधनाची सफाई एकाच आवारात, एकाच नळजाळ्यात होऊ शकते. तिथे वीज कंपनीची हद्द कुठे संपते आणि केंद्राची कुठे सुरू होते, हे आधी ठरवावे लागेल.

नागरिकांनी काय विचारावे?

उद्या राज्यात कुठेही असा प्रस्ताव आला, तर मेगावॉट आणि रोजगार यांच्या आकड्यांसोबत तीन गोष्टी मागाव्यात : भट्टी बंद झाल्यावर क्षार किती दिवसांत टाकीतून निघेल, तो कोणत्या रूपात आणि कुठे ठेवला जाईल आणि त्याचा खर्च कुणाच्या नावावर असेल. तंत्रज्ञान आश्वासक आहे. त्याची किंमत मात्र या तीन उत्तरांशिवाय कळणार नाही.