गुणांचे गणित आणि केंद्राची पाटी

‘आमच्या मुलाला वैद्यकीय प्रवेश मिळेल काय?’ असे बेळगाव-निपाणीचे पालक आम्हांस विचारतात. उत्तर केवळ ७२० गुणांच्या गणितात नाही. महाराष्ट्राने ८६५ गावांतील मराठीभाषक विद्यार्थ्यांसाठी जागा राखल्या खऱ्या. पण त्या मोजक्या, आणि वाट ‘नीट’मधूनच जाते. २०२४ च्या नियमपत्रकानुसार मराठी प्रश्नपत्रिका फक्त महाराष्ट्रातील केंद्रांवर. बेळगावच्या केंद्रावर कन्नड मिळे, मराठी नाही! मातृभाषेत उत्तरे सोडविण्यासाठी मुलाने कोल्हापूर गाठावे, हा कोठला न्याय? पालकहो, केंद्र विचारपूर्वक निवडा. रहिवासाचे व मातृभाषेचे दाखले आधीच मिळवा. आणि परीक्षा घेणाऱ्यांनो, भाषा विद्यार्थ्याची पाहा, केंद्राच्या पाटीची नव्हे!