न दिसणारा पहारेकरी

नववीच्या वर्गात मी एकदा 'अरिहंत' या भारतीय अणुपाणबुडीविषयी सांगत होतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पहारेकरी दारात दिसतो म्हणून चोर दूर राहतो. जी दिसतच नाही, तिला शत्रू घाबरेल कसा?" प्रश्न मला फार आवडला. तेवढ्यात घंटा झाली. राहिलेले उत्तर येथे देतो.

उर्दूत आपण जिला आबदोज म्हणतो, तीच मराठीतील पाणबुडी. साधी पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की डिझेल इंजिन चालवावे लागते. इंजिनाला हवा लागते आणि हवेसाठी वर यावे लागते. तेथेच ती सापडते. अणुभट्टीला हवा लागत नाही. तिच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते व त्या वाफेवर यंत्रे फिरतात. पिण्याचे पाणी आणि प्राणवायूही समुद्राच्या पाण्यापासूनच मिळतो. अशी पाणबुडी महिनोन्‌महिने खाली राहू शकते. संपतो तो फक्त शिधा!

समुद्रात खोलवर ना प्रकाश पोहोचतो, ना रडारच्या लहरी. आवाज मात्र पाण्यात हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो. म्हणून पाणबुडीचा शोध कानाने घेतात, आणि पाणबुडी आपला आवाज दाबून ठेवते. फेब्रुवारी २००९ मध्ये अटलांटिक महासागरात ब्रिटनची 'व्हॅनगार्ड' आणि फ्रान्सची 'ल त्रिओंफां' या दोन अणुपाणबुड्या एकमेकींवर आदळल्या. दोन्ही मित्रदेशांच्या! फ्रान्सला आधी वाटले, बुडालेल्या एखाद्या कंटेनरची धडक बसली असावी. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

आता त्या प्रश्नाकडे येतो. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर भारताने जाहीर केले की, आम्ही अण्वस्त्र प्रथम वापरणार नाही. असे वचन देणाऱ्याला पहिला घाव सोसूनही उभे राहता आले पाहिजे. जमिनीवरचे तळ उपग्रहांना दिसतात. दिसणाऱ्या पहारेकऱ्याला चोर आधीच आडवा करू शकतो. पण समुद्रात कोठेतरी एक पाणबुडी आहे आणि ती सापडत नाही, हे ठाऊक असले की शत्रूचा हिशेब चुकतो. ती आहे एवढे मात्र त्याला कळले पाहिजे. म्हणूनच नोव्हेंबर २०१८ मध्ये 'अरिहंत'ची पहिली गस्त पूर्ण झाल्याचे सरकारने उघडपणे सांगितले. ती कोठे फिरली, ते सांगितले नाही.

मला यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. शस्त्र हातचे जाईल अशी भीती असली की, ते आधीच वापरून टाकण्याची घाई होते. लपलेल्या शस्त्राला घाई नसते. म्हणून अशी पाणबुडी असावी, या मताचा मी आहे. हा पैसा शाळा-दवाखान्यांना का नाही, असे एका मुलीने विचारले. तिचेही चुकीचे नाही. पण शाळा-दवाखाने उभे राहायला शांतता लागते, असे मी तिला म्हणालो.

तरीही हा धाक यंत्रावर सोपवून निश्चिंत होता येत नाही. २७ ऑक्टोबर १९६२ रोजी क्यूबाजवळ 'बी-५९' ही सोव्हिएत पाणबुडी अमेरिकन जहाजांनी घेरली. तिच्यात अणुभट्टी नव्हती, पण एक अणुटॉर्पेडो होता. बॅटरी उतरलेली, आत असह्य उकाडा, मॉस्कोशी संपर्क नाही आणि वरून स्फोटांचे हादरे. युद्ध सुरू झाले असे समजून कप्तानाने टॉर्पेडो सज्ज करायला सांगितले, अशी आठवण तिच्यावरील एका अधिकाऱ्याने पुढे सांगितली. वासिली अर्खिपोव्ह हे वरिष्ठ अधिकारी त्या वेळी आत होते. त्यांनी कप्तानाला शांत केले. पाणबुडी पाण्यावर आली आणि काही वेळाने मुकाट्याने परत फिरली.