घोरणारे मूल आणि झोपलेली यंत्रणा

मूल रात्री घोरते, तोंडाने श्वास घेते, मोठे होऊनही अंथरूण ओले करते. गडचिरोलीतल्या एखाद्या टोल्यावरची आई म्हणते, वय वाढले की थांबेल. पण त्या मुलाला सिकलसेल असेल तर वाट पाहत बसणे घातक आहे. वाढलेल्या टॉन्सिलमुळे झोपेत श्वास अडखळतो, रक्तातला प्राणवायू घटतो आणि प्राणवायू घटला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. मग मूल हातपाय दुखून रडत उठते. विदर्भात हा आजार आदिवासींत आहे तसाच आमच्या बौद्ध वस्त्यांतही आहे. तेव्हा हा 'त्यांचा' प्रश्न म्हणून हात झटकण्याची सोय आपल्याला नाही.

झोपेची पूर्ण तपासणी मोठ्या शहरात होते. तिथे रात्रभर मुक्काम करायचा तर मजुरी बुडते, भाडे उसने आणावे लागते. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. रक्त तपासले जाते, कार्डे वाटली जातात. मूल झोपते कसे, हे कोण विचारतो?

मार्ग नाही असे नव्हे. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार आरोग्य कर्मचाऱ्यामार्फत डॉक्टरांचा दूरस्थ सल्ला घेता येतो. ई-संजीवनीही आहे. आशाताईंनी झोपलेल्या मुलाचे मोबाईलवर चित्रण करावे, नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर रात्रभर बोटाला लावावा आणि सकाळी उपकेंद्रातून ते सारे तज्ज्ञाकडे जावे. टोल्यावर नेटवर्क नाही, ही सबब इथे टिकत नाही.

मात्र हे यंत्र सावळ्या त्वचेवर प्राणवायू असतो त्याहून जास्त दाखवू शकते. अमेरिकेतील २०२० च्या एका अभ्यासाने हे ठळकपणे मांडले. (माणसे रंग पाहत होतीच, आता यंत्रही!) सिकलसेलमध्येही आकडा चुकतो. म्हणून आकडा बरा आला तरी लक्षणे असलेल्या मुलाला नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे नेलेच पाहिजे, आणि त्याचे वाहन व मुक्काम शासनाने द्यावा. फोनवरून टॉन्सिल निघत नाही.

ही भीक नव्हे. सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. तातडीचे उपचार देण्यास पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात १९९६ मध्येच बजावले. तेच तत्त्व इथे का लागू नये? कार्यकर्त्यांनी कार्डधारक मुलांच्या घरी जावे, आईला झोपेबद्दल विचारावे, जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये.