आधीं पाहणी, मग खोलणी

सोसायटीचा ट्रक हा आतां बैलजोडीइतकाच शेतकऱ्याच्या संसाराचा भाग झाला आहे. परंतु बैल चारा खाईनासा झाला तर आधीं त्याचें तोंड पाहावें, पोट चाचपावें आणि मग औषध द्यावें, ही जी रीत वाडवडिलांनीं घालून दिली, ती ट्रकाच्या बाबतींत आपण साफ विसरलों आहों. इंजिन तापलें व पाण्यांत हवा दिसली कीं हेड खोलावयाचें, असा जो प्रघात पडत चालला आहे, त्यानें सभासदांचा पैसा आणि हंगाम दोन्ही वायां जातात, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. जागेवर न जातां लिहिलेला पंचनामा किती घरें बुडवितो, हें आम्ही पाहिलें आहे. तोच अनुभव गेल्या पावसाळ्यांत निराळ्या रूपानें आला. आमच्या सोसायटीचा ट्रक टोमॅटोचे क्रेट भरून संगमनेराहून पुण्याच्या बाजारास निघाला असतां चंदनापुरीच्या घाटांत तापला. रेडिएटरांतून हुक्का ओढल्यासारखा गुडगुड आवाज येऊं लागला व पाणी उसळून बाहेर आलें. माल दुसरे दिवशीं पोंचला. भाव निम्मा मिळाला. गॅरेजवाल्यानें आवाज ऐकतांच "हेड गॅस्केट गेलें" असा निकाल दिला. हेड उतरविलें, घासलें, नवें गॅस्केट बसविलें. बारा दिवस गेले, बिल चुकतें झालें, आणि पहिल्याच खेपेस तीच गुडगुड पुन्हां सुरू झाली!

अखेर एका वृद्ध फिटरास बोलाविलें. त्यानें चाकांखालीं दगड लावविले, इंजिन पूर्ण थंड असतां झाकण काढलें व मग तें सुरू केलें. पाण्यांत बुडबुडे येऊं लागले. थोड्या वेळानें ब्रेकच्या हवेचा कांटा भरला, जादा हवा सुटल्याचा फुस्स आवाज झाला, आणि बुडबुडे थांबले. त्यानें ब्रेक पांचसहा वेळां दाबून हवा उतरविली. बुडबुडे पुन्हां आले. दोष हेडाचा नव्हताच. एअर ब्रेकच्या पुष्कळ ट्रकांत हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचें डोकें इंजिनाच्याच पाण्यानें थंड ठेवितात. त्याचें गॅस्केट फुटलें म्हणजे दाबलेली हवा सरळ पाण्यांत शिरते, व लक्षणें हुबेहूब हेड गॅस्केटासारखीं दिसतात. अर्ध्या तासाच्या पाहणीनें जें कळलें, त्यासाठीं आम्ही बारा दिवस घालविले.

पाण्यांतील हवा ही साधी गोष्ट नव्हे. जेथें हवेचा गोळा अडकतो तेथें पाणी पोंचत नाहीं व लोखंड भाजून निघतें. आणि तापमानाचा सेन्सर त्या हवेंत सांपडला तर कांटाहि खोटी साक्ष देतो. म्हणून हवेची वाट शोधलीच पाहिजे. मात्र ती स्वस्त बाजूनें शोधावी. पाणी नुकतेंच बदललें असेल तर आंत राहिलेली हवा प्रथम काढावी. नंतर झाकण पाहावें. सुमारें एक बार दाब धरणाऱ्या झाकणाखालीं पाणी १०० ऐवजीं सुमारें १२० अंश सेल्सियसला उकळतें. झाकण सैल पडलें तर घाटांत वाफ होणारच. इंजिन निवाल्यावर वरचा होज पाईप चपटा झाला तर झाकणाची आंतली झडप अडकली असें समजावें. मग खालच्या पाईपाचे क्लिप व पंपाखालचें ठिबकणारें छिद्र पाहावें. त्यानंतर कॉम्प्रेसर, आणि सर्वांत शेवटीं हेड. हेडाचा संशय असल्यास जळलेल्या वायूनें रंग बदलणारें निळें परीक्षाद्रव बाजारांत मिळतें. त्याची साक्ष घ्यावी. ज्या नव्या गाड्यांत ईजीआर कूलर असतो, तो फुटल्यासहि असाच वायू पाण्यांत येतो, हेंहि विसरूं नये.

आवाजाचेंहि तसेंच. गुडगुड ही हवेची, किंकाळी बहुधा पट्ट्याची, खरखर बेअरिंगाची, आणि खडे वाजल्यासारखा आवाज पंपांत पाणी पुरेसें न पोंचल्याचा. मात्र तापलेल्या इंजिनाचें झाकण कोणीहि उघडूं नये. उसळत्या पाण्यानें तोंड भाजतें. तसेंच काढलेलें कूलंट गोठ्याजवळ ओतूं नये. तें चवीस गोड पण विषारी असून जनावरें तें चाटतात.

कोणी म्हणतील कीं, मिस्त्र्याचा कान कागदापेक्षां शहाणा. आम्हांस त्याच्या कानाचा आदरच आहे. परंतु बिल सभासदांनीं भरावयाचें असतां पुराव्याशिवाय निकाल कां मान्य करावा? म्हणून आमची सूचना अशी कीं, प्रत्येक सोसायटीनें ट्रकाची एक नोंदवही ठेवावी, ड्रायव्हरानें रोज सकाळीं पाण्याची पातळी तींत लिहावी, आणि कोणकोणती पाहणी केली हें लेखी आल्यावांचून इंजिन खोलण्यास मंजुरी देऊं नये. यास खर्च एका वहीचा आहे. तो वांचवून आम्ही काय गमावलें, तें वर सांगितलेंच आहे.